अधांतरी पिंपळपान

रविवार, दिनांक २९ मार्च २०२६ रोजी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मोरिवलीच्या बुद्धविहारात सात जणांच्या समितीने चार विरुद्ध तीन मतांनी असे ठरवले की, किसनराव रोकडे यांनी हवेत अधांतरी तरंगणारे पिंपळपान दाखवून दिल्यास यंदाच्या वैशाख पौर्णिमेला डीजे बोलावू नये. दाखवता न आल्यास बोलावावा. चारांपैकी चौथे मत खुद्द किसनरावांचे होते.

पान तरंगणार कशावर, असे अध्यक्ष हरिचंद्र यांनी विचारले तेव्हा किसनरावांनी "आवाजावर" एवढेच उत्तर दिले. डीजेचा मालक प्रीतम हाही समितीचाच सभासद. तो म्हणाला की आवाजावरच तरंगवायचे असेल तर आपल्याकडे अठरा इंची बेसचे आठ डबे तयार आहेत आणि गेल्या वर्षी त्यांच्यापुढे हरिचंद्रकाकांची टोपी तरंगलेली सगळ्यांनी पाहिली आहे. सगळे हसले. हरिचंद्रही हसले, कारण टोपी खरोखरच उडाली होती. ती किसनरावांनी मात्र पाहिली नव्हती. गेली सहा वर्षे वैशाख पौर्णिमेला ते मोरिवलीत नसत.

किसनराव अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पंपांच्या कारखान्यात तपासनीस होते. तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन ते तिथे लागले आणि निवृत्त होईपर्यंत 'साधारण' हा शब्द त्यांनी आपल्या विभागात कोणाला वापरू दिला नाही. विहाराचा पाया भरला तेव्हा ओळंबा त्यांनीच धरला होता. त्यामुळे तालुक्यात दुसरे काही सरळ असो वा नसो, या विहाराच्या भिंती सरळ आहेत. साठी उलटल्यावर मात्र वडिलांप्रमाणेच त्यांचेही कान गेले. दोन्ही कानांत श्रवणयंत्रे आली.

ऐकू न येणाऱ्या माणसाला डीजेचा त्रास होत नाही, अशी लोकांची समजूत असते. किसनरावांनी ती कधी खोडून काढली नाही. यंत्रे घातली तर डोक्यात घण बसत. काढली तर माणसे नुसती ओठ हलवत आणि छातीतली धडधड होती तिथेच राही. म्हणून पौर्णिमेच्या दुपारी ते रिक्षाने बदलापूरला जात आणि तिथून पुढे चामटोलीला बहिणीकडे. बहिणीची तब्येत बरी नसते, असे सांगून जात. बहीण ठणठणीत होती. ती भावाला ओसरीवर बसवून मिरच्यांची देठे काढायला लावी. इकडे विहारात वंदना होई, खीर वाटली जाई, आणि ज्याने भिंती सरळ उभ्या केल्या तो माणूस दुसऱ्या गावी मिरच्या निवडत बसलेला असे. हे फक्त त्यांना आणि त्यांच्या पत्नीला, गयाबाईंना, ठाऊक होते.

उपाय त्यांनी केला नव्हता असे नाही. विहाराच्या आवारात पंचाहत्तर डेसिबलपेक्षा अधिक ध्वनी करणारे कोणतेही उपकरण लावू नये, असा ठराव त्यांनी चार वर्षांपूर्वी मांडला, मंजूर करून घेतला आणि चौकटीत बसवून भिंतीवर लावला. प्रीतमने ठराव वाचला आणि गाडी फाटकाबाहेर एक फुटावर उभी केली. ठरावात आवार म्हटले होते; रस्ता म्हटला नव्हता. किसनरावांनी फाटकापासूनचे अंतर टेपने मोजून पाहिले आणि प्रीतमचे बरोबर आहे हे मान्य केले.

पान तरंगवण्याच्या यंत्राची कल्पना सुनेची. पायल अंबरनाथलाच मोजमापाची उपकरणे बनवणाऱ्या एका कंपनीत अभियंता होती. एकदा जेवताना तिने सहज सांगितले की आवाजालाही दाब असतो. समोरासमोरून दोन आवाज एकमेकांवर सोडले तर मधे काही जागा अशा तयार होतात की तिथे ठेवलेला हलका कण खाली पडत नाही. आवाज पुढेमागे केला की जागा सरकते, आणि जागेबरोबर कणही सरकतो. कण पुरेसा वेगाने फिरवला तर डोळ्याला कण दिसत नाही, रेघ दिसते. आणि हा आवाज सेकंदाला चाळीस हजार कंपनांचा असल्यामुळे माणसाच्या कानाला तो ऐकूच येत नाही.

किसनरावांचा घास हातातच राहिला. कोणालाच नाही का, असे त्यांनी विचारले. कोणालाच नाही, ती म्हणाली.

"म्हणजे मी आणि बाकीचे सारखेच?"

"सारखेच, बाबा."

त्या दिवशी किसनरावांनी एक भाकरी जास्त खाल्ली.

लागणारे सुटे भाग म्हणजे मोटार मागे घेताना पीं पीं करणाऱ्या यंत्रणेत असतात त्या नाण्याएवढ्या डब्या. पायलच्या हिशेबाने एकशे अठ्ठावीस लागणार होत्या. किसनराव त्या आणायला उल्हासनगरला गेले. सिंधी दुकानदाराने एका गाडीला चार याप्रमाणे मनातल्या मनात भागाकार केला आणि विचारले, "बत्तीस गाड़ियाँ हैं, साईं?" किसनरावांनी सांगितले की गाडी एकही नाही, मुलाची स्कूटर आहे. दुकानदार थोडा वेळ त्यांच्याकडे पाहत राहिला. मग त्याने एकशे अठ्ठावीस मोजून दिल्या आणि स्कूटरसाठी एक वरून दिली.

दोन पाट्या झाल्या. एकीवर चौसष्ट, दुसरीवर चौसष्ट. एक वर, तोंड खाली करून; दुसरी खाली, तोंड वर करून. मधे वीतभर अंतर. प्रत्येक डबी किसनरावांनी तपासून घेतली, आणि सुनेने बसवलेल्यांपैकी तीन उलट्या बसल्या आहेत हे तिला दाखवून दिले. तिने त्यांनी बसवलेल्यांपैकी पाच दाखवून दिल्या. काम करताना श्रवणयंत्रे काढून त्यांच्या पेटीत ठेवण्याची किसनरावांची शिस्त होती. तारांना डाग देताना कोणी बोलत नाही, मग बॅटरी कशाला खर्च करा. त्यामुळे दोघांचे बोलणे हातवाऱ्यांनी चाले. शिवाय थर्माकोलचा कण पंख्याच्या वाऱ्याने उडे, म्हणून एप्रिल महिन्यात अंबरनाथसारख्या ठिकाणी घरातला पंखा तासन् तास बंद राही.

गयाबाईंनी हे दोन आठवडे सोसले. मग त्या मुलाला, आकाशला, म्हणाल्या, "पंखा बंद, टीव्ही बंद, सासरा-सून खुणांनी बोलतात. घरात कोणी गेलं का म्हणून शेजारीण चौकशी करून गेली."

पान एकाच कणाने काढायचे होते. कण पिंपळपानाच्या कडेकडेने सेकंदाला दहा फेऱ्या मारी, वरून हिरवा दिवा पडे, आणि दहा रुपयांच्या नाण्याहून जरासे मोठे पान हवेत उमटे. अडचण टोकाची होती. पिंपळपानाचे टोक लांब आणि अणकुचीदार. तिथे वळताना कण हमखास निसटे. असा एक कण गयाबाईंना वरणात सापडला आणि एक त्यांना सापडला नाही. शेवटी पायलने टोक बोथट केले. पान टिकू लागले. आकाश कामावरून आला, त्याने डोके वाकडे करून पाहिले आणि हा तर बदाम आहे, असे मत दिले. किसनरावांनी श्रवणयंत्रे घातलेली नव्हती, म्हणून घरात वाद झाला नाही.

सव्वीस एप्रिलला चाचणी ठरली. आदल्या दिवशी किसनराव कागद घेऊन बसले आणि दोन पाट्यांच्या मध्यावर आवाज किती होतो याचा त्यांनी हिशेब केला. उत्तर दीडशे डेसिबलच्या आसपास आले. 'आसपास' त्यांना आवडले नाही, म्हणून पुन्हा केला. दीडशेच आले.

विहाराकडे जाताना रिक्षात पायलने सासऱ्याला विनवून सांगितले की हा आकडा आपण होऊन सांगू नका. कोणी विचारलेच तर सांगा. किसनराव म्हणाले की तपासनीस विचारण्याची वाट पाहत नाही. पायलने बाहेर पाहिले. रिक्षावाल्याने आरशातून तिच्याकडे सहानुभूतीने पाहिले.

विहारात खिडक्यांना चादरी लावल्या होत्या. पंखे बंद होते. सातही सभासद घाम पुसत बसले होते; मागे आकाश आणि वस्तीतले चार-पाच जणही होते. यंत्र टेबलावर मांडून झाल्यावर किसनराव उभे राहिले आणि या उपकरणाच्या मध्यावर दीडशे डेसिबल ध्वनी निर्माण होतो, याची समितीने नोंद घ्यावी, असे त्यांनी निवेदन केले.

सगळ्यांच्या माना भिंतीवरच्या चौकटीकडे वळल्या. तिथे पंचाहत्तर लिहिले होते.

"किसन, हा ठराव तूच आणला होतास," हरिचंद्र म्हणाले.

"मीच."

"मग?"

"म्हणूनच सांगतो आहे."

प्रीतमच्या डीजेवर या चाचणीने गदा येणार होती; पण तो मनाचा मोकळा होता. यंत्र चालू करा, मी मोजतो, असे म्हणून त्याने मोबाइल काढला आणि पायलने क्षणभर कळ दाबताच तो पाट्यांजवळ धरला. मोबाइलमध्ये आवाज मोजण्याची सोय होती. आकडा सेहेचाळीस आला, आणि तोही बाहेर भुंकणाऱ्या कुत्र्यामुळे.

"सेहेचाळीस, काका. पास."

किसनरावांनी मान हलवली. मोबाइलला हा आवाज ऐकूच येत नाही. जे ऐकू येत नाही ते तो मोजणार कसे? हे मोजमाप ग्राह्य धरता येणार नाही.

"काका, मी तुमच्या बाजूनं बोलतोय ना."

"तरी ग्राह्य नाही."

प्रीतमने मोबाइल खिशात ठेवला आणि पायलकडे पाहिले. पायल जमिनीकडे पाहत होती.

हरिचंद्र हे बरीच वर्षे सभा चालवलेले गृहस्थ. त्यांनी मार्ग काढला. ठराव कशासाठी होता, तर कोणाला त्रास होऊ नये यासाठी. तेव्हा आकडा बाजूला ठेवावा, यंत्र पूर्ण वेळ चालवावे, आणि ज्याला त्रास होईल त्याने हात वर करावा. हात वर आला नाही तर यंत्र मंजूर. यावर कोणाची हरकत नव्हती. किसनरावांचीही नव्हती, त्यांना पद्धत शास्त्रशुद्ध वाटली.

पायलने कळ दाबली आणि चिमट्याने कण सोडला. कण दोन पाट्यांच्या मधे थबकला, जणू काही विसरला असावा, आणि मग फिरू लागला. अंधारात हिरवे पान उमटले. खाली आधार नाही, वर दोरी नाही, आजूबाजूला काच नाही. मागच्या रांगेतून कोणीतरी हळूच "साधु" म्हणाले. प्रीतम पुढे वाकून बराच वेळ पाहत राहिला आणि "बदाम आहे, पण भारी आहे," असे पुटपुटला. डीजे गेला, हे त्याला त्याच वेळी कळले असावे.

त्या सुमारास किसनरावांच्या दोन्ही कानांत कुकरची शिट्टी अडकावी तशी सणसण सुरू झाली.

बॅटरी उतरली असेल म्हणून त्यांनी उजवे यंत्र काढले. उजवीकडे शांतता झाली. पुन्हा घातले, पुन्हा सणसण. डावे काढून पाहिले, तेच. घरी काम करताना दोन्ही यंत्रे पेटीत असत. आज समितीचे बोलणे ऐकायचे म्हणून ती पहिल्यांदाच या पाट्यांसमोर कानांत होती. किसनरावांनी सभोवार पाहिले. कोणाच्याही चेहऱ्यावर त्रास नव्हता. सगळे पानाकडे पाहत होते, आणि बऱ्याच जणांची तोंडे उघडी होती.

हरिचंद्रांनी विचारले, "कोणाला त्रास?"

कोणी हलले नाही. हरिचंद्र "मंजूर" म्हणायला तोंड उघडणार, एवढ्यात पुढच्या खुर्चीतून एक हात वर गेला.

"बाबा," पायल दबक्या आवाजात म्हणाली, "हात खाली घ्या."

किसनरावांनी घेतला नाही.

प्रकार काय तो पायलच्या लगेच ध्यानात आला आणि तिने तो समितीला समजावून दिला. माणसाच्या कानाला हा आवाज कळत नाही. पण श्रवणयंत्राच्या मायक्रोफोनला तो झोंबतो, आणि ते आपल्या परीने त्याचे ऐकू येण्याजोगे काहीतरी करून कानात सोडते. थोडक्यात, सबंध विहारात हा आवाज ऐकणारा माणूस एकच होता.

हरिचंद्रांना हे पटायला वेळ लागला. ते म्हणाले, "अरे, मग ते कानातलं काढून ठेव ना घटकाभर."

"काढलं की तुम्ही सगळे गप्प होता," किसनराव म्हणाले.

मग प्रीतमने, टोमणा न मारता, व्यवहार म्हणून विचारले की हात तर वर आला. आता डीजे सांगायचा का? दोन दिवसांत नक्की कळले पाहिजे, पोरांना निरोप द्यावा लागेल.

किसनरावांनी खडू मागितला.

यंत्र चालू ठेवायला सांगून, पानाकडे तोंड करून ते एकेक पाऊल मागे सरकू लागले. चौथ्या पावलाला कर्कशपणा कमी झाला. सातव्याला नुसती कुजबुज उरली. पुढे एका जागी ते थांबले, अर्धे पाऊल पुढे आले, पुन्हा मागे गेले, आणि वाकून त्यांनी तिथे जमिनीवर आडवी रेघ मारली. खिशातला टेप काढून आकाशला दुसरे टोक धरायला लावले. चौदा फूट. रेघेमागून पान लहान दिसत होते, पण दिसत होते; आणि हरिचंद्रांचा खोकला स्वच्छ ऐकू येत होता.

मग त्यांनी दुरुस्ती मांडली: जिथे हरकत घेणाऱ्याला त्रास होत नाही तिथे रेघ मारावी, आणि त्याला रेघेबाहेर बसण्याची सोय असल्यास उपकरण मंजूर समजावे.

"कायदा सगळ्यांना सारखा ना?" प्रीतमने विचारले.

"सारखा."

"मग माझ्या डीजेला पण रेघ मारा, काका. तिच्याबाहेर तुम्ही बसा. मी कुठं नाही म्हणतो?"

मागणी रास्त होती. किसनरावांनी तिचा विचार केला. विचार करताना ते खडू दोन बोटांत फिरवत होते.

"तुझी रेघ चामटोलीला आहे," ते म्हणाले.

प्रीतम हसला. आजूबाजूला पाहिल्यावर, आपण एकटेच हसतो आहोत असे त्याच्या लक्षात आले. बदलापूरला का नाही, असे त्याने विचारले. ते निदान जवळ आहे.

"बदलापूरलाही त्या दिवशी डीजे असतो. चामटोलीला नसतो. सहा वर्षं बघतोय."

हरिचंद्रांनी चष्मा काढला. "म्हणजे तुझ्या बहिणीची तब्येत..."

"ठणठणीत आहे."

यंत्र बंद करायचे कोणाच्या लक्षात राहिले नव्हते. पान आपले फिरत होते. हरिचंद्र टेबलाच्या अगदी जवळ उभे होते. त्यांनी एक मोठा श्वास सोडला, आणि पान पडले.

दुरुस्ती सहा विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाली. विषय स्वतःसंबंधी असल्यामुळे किसनराव तटस्थ राहिले. प्रीतमने हात वर केला तेव्हा तो भिंतीवरच्या चौकटीकडे पाहत होता. जाताना त्याने किसनरावांना एवढेच विचारले की चामटोलीला करतात काय दिवसभर. मिरच्या निवडतो, असे त्यांनी सांगितले.

एक मे रोजी, पौर्णिमेच्या संध्याकाळी, विहाराच्या फाटकाबाहेर प्रीतमची गाडी नव्हती. प्रीतम होता. डीजे नसल्यामुळे रिकाम्या झालेल्या आपल्या पोरांना त्याने कामे वाटून दिली: दोघे चादरींवर, दोघे रांगेवर, आणि स्वतः पंख्यांच्या बटणांपाशी. वीस-वीस जणांना आत सोडायचे, दार लावायचे, पंखे बंद करायचे, पान दाखवायचे, पंखे चालू करायचे. मेणबत्त्या पायलने बाहेरच्या ओट्यावर लावायला लावल्या, कारण ज्योतीने हवा हलते. नाकातोंडासमोर रुमाल धरावा, अशीही सूचना प्रीतम प्रत्येक तुकडीला देत होता. ही सूचना हरिचंद्रांना उद्देशून आहे, हे पहिल्या तुकडीनंतर सगळ्या वस्तीला समजले.

दुसऱ्या तुकडीत खालच्या पाटीवरची एक डबी बंद पडली आणि पान एका बाजूला कलले. पायलने पिशवीतून स्कूटरची डबी काढून तिथे बसवली. पान सरळ झाले. एकंदर तीन वेळा कण पडला: एकदा शिंकेमुळे, एकदा दार उघडल्यामुळे, आणि एकदा गयाबाई शेजारणीला हाताच्या पंख्याने वारा घालत होत्या म्हणून. गयाबाईंनी तो कण स्वतः शोधून दिला. त्यांना आता सवय झाली होती.

वंदना सुरू होण्यापूर्वी प्रीतमने लहान माइक हातात घेतला आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाकडे पाहून, आवाज किती ठेवू, असे खुणेने विचारले. किसनरावांनी तळहात खाली-खाली नेला आणि एका ठिकाणी थांबवला.

ते रेघेमागे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. दोन्ही श्रवणयंत्रे कानांत होती. वंदनेचा प्रत्येक शब्द त्यांना ऐकू आला. मध्येच सूर चुकलेला हरिचंद्रांचा आवाजही आला, आणि हा तोच कण आहे जो आमच्या वरणात निघाला, असे गयाबाई कोणाला तरी सांगत होत्या तेही. वंदना संपल्यावर हरिचंद्र शेजारी येऊन बसले आणि त्यांनी कानाकडे बोट करून त्रास होतो का, असे विचारले. होत नाही, किसनराव म्हणाले.

हरिचंद्र खाली पाहून म्हणाले की खुर्चीचे पुढचे पाय रेघेच्या थोडे मागे आहेत. थोडे पुढे घ्यायला हरकत नाही. किसनरावांनी टेप काढला आणि यंत्रापासून खुर्चीच्या पायांपर्यंत मोजले.

चौदा फूट दोन इंच.